दारामागची खुंटी

संध्याकाळची लोकल कर्जतला पोचते तेव्हा डबे बरेच मोकळे झालेले असतात. ठाणे, कल्याण, बदलापूर, नेरळ करत करत माणसं उतरून गेलेली असतात आणि मुंबईपासूनचं शंभर किलोमीटरचं अंतर शेवटापर्यंत कापणारी तेवढी उरतात. जिना उतरून ती बाजारपेठेकडे वळतात. रस्त्याच्या कडेला भाजीवाल्या पाट्या मांडून बसलेल्या असतात. दहिवलीला राहणारी एक बाई अशाच एका पाटीपुढे वाकते. पावसाचे पहिले दिवस आहेत, डोंगरातली शेवळं उतरली आहेत. दोन जुड्या आणि त्यांच्या जोडीला मूठभर काकडं सांगून ती पर्समध्ये हात घालते. हाताला छत्री लागते, जेवणाचा रिकामा डबा लागतो, चष्म्याचं घर लागतं. पिशवी लागत नाही. हात थोडा वेळ पर्समध्येच राहतो.

“पिशवी नाय का, ताई?”

पाटीवालीच्या आवाजात तक्रार नसते. तिचा हात सवयीने मांडीखाली दाबून ठेवलेल्या पातळ पिशव्यांच्या गठ्ठ्याकडे वळतो. आणि नेमक्या त्याच क्षणी ताईच्या डोळ्यांपुढे घरातली पिशवी लख्ख उभी राहते. निळ्या चौकड्यांची, जुन्या चादरीची, एका कोपऱ्यावर हळदीचा डाग पडलेली. जी आठवण पहाटे पाच वाजता यायला हवी होती ती संध्याकाळी साडेसातला येते, घडीसकट आणि डागासकट.

अशा विसरण्याला सरसकट आळस म्हणतात. ते बरोबर नाही. आळशी माणूस पहाटेच्या अंधारात उठून चार माणसांचे डबे भरून गाडी पकडत नाही. गोष्ट वेगळी आहे. पूर्वी माणूस बाजाराला जायचा, म्हणजे घरातून बाजारासाठीच निघायचा. चपला पायात सरकवण्याआधी पिशवी हातात येणं हा त्या निघण्याचाच भाग होता. कर्जत, नेरळ, खोपोलीतल्या नोकरदारांना आता बाजार लागतो तो दुसरीकडून परतताना, वाटेत. म्हणजे पिशवीची आठवण ठेवायची ती गरज पडण्याच्या बारा-चौदा तास आधी, जेव्हा डोक्यात गाडीची वेळ असते, पास असतो, मुलांच्या शाळेची वेळ असते आणि संध्याकाळची भाजी कुठल्या कुठे असते. घडून गेलेलं आठवणं आणि करायचं असलेलं आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मानसशास्त्र मानतं. पहिल्या प्रकारात कुणीतरी विचारतं आणि आपण आठवतो. दुसऱ्यात कुणी विचारत नाही, ऐन वेळी आपलं आपल्यालाच आठवावं लागतं. त्याला बाहेरून टोचणी लागते, खूण लागते.

मराठीत या खुणेला फार जुना शब्द आहे: खूणगाठ. आज ती मनाशी बांधली जाते, पण आधी ती खरोखर पदराच्या टोकाला बांधली जायची. बाजारातून हिंग आणायचा, कुणाला निरोप सांगायचा, उसनं परत करायचं, तर पदराचं टोक घेऊन गाठ मारायची. दिवसभर वावरताना पदर सारखा हाताशी यायचा, गाठ बोटांना लागायची आणि हिंग आठवायचा. आठवण डोक्यात साठवण्याची वस्तू आहे असं त्या बायकांनी मानलंच नव्हतं. ती त्यांनी कापडात ठेवली होती.

पदराबद्दल थोडं रेंगाळायला हवं, कारण या प्रदेशातली पहिली पिशवी तोच आहे. शेतावरून येताना चार वांगी, दोन काकड्या पदरात. करवंदं पदरात, जांभळं पदरात, आणि पदरावरचा तो जांभळा डाग पुढे कितीतरी धुण्यांपर्यंत. पैसे कनवटीला, नाहीतर त्याच पदराच्या टोकाला गाठीत. सासरी निघालेल्या मुलीची ओटी भरायची ती पदरातच: तांदूळ, खण, नारळ. म्हणून तर भाषेत पदर इतका शिरला. स्वतःचा खर्च झाला की पदरमोड, मिळालं ते पदरी पडलं, गुन्हा पोटात आणि माणूस पदरात. पदर घरी विसरत नाही. तो अंगावर असतो.

पदरानंतरची जागा खुंटीची. कर्जत-खालापुरातल्या जुन्या घरांत दाराच्या मागे, चौकटीला लागून भिंतीत ठोकलेली सागाची नाहीतर शिसवाची खुंटी असायची. पुढे तिथे जाड खिळा आला. तिच्यावर पिशव्या एकावर एक टांगलेल्या असत आणि त्या टांगण्यालाही रीत होती. सगळ्यांत वरची भाजीची, रोज लागणारी. तिच्याखाली रेशनची, तरटाची, तिला रॉकेलचा आणि गव्हाच्या धुळीचा मिळून एक वास. मासळीची पिशवी या खुंटीवर कधीच नाही. तिची जागा मागच्या पडवीत, बाहेरच्या खिळ्यावर, कारण ती धुतली तरी वास सोडत नाही आणि चुकून तिच्यात देवाची फुलं आली तर घरात दोन दिवस बोलणी. बाहेर पडताना दार ओढायला हात मागे गेला की तो खुंटीवर जायचाच. वर ओटीवरून आवाज: “अगं, पिशवी घेतलीस का?” खुंटी आणि सासूबाई अशा दोन खुणा असताना विसरायला वाव कमी होता.

ती पिशवी जवळून पाहण्यासारखी होती. बाजारातून ती विकत आणलेली नसायची. घरातल्या कुणाची तरी पँट गुडघ्यावर फाटली की शिंप्याकडे जायची, किंवा शाळेचा खाकी गणवेश आखूड झाला की, किंवा चादर मध्ये विरली की कडेचं घट्ट कापड वाचवून. पँटच्या पायाची पिशवी सगळ्यांत टिकाऊ, कारण तिच्या दोन बाजूंना शिवण आधीचीच. तळ दुमडून दुहेरी टीप घालायची. बंद लावताना मात्र शिंपी हात सैल सोडायचा नाही. पिशवी फाटते ती तळाला क्वचित, बंद जिथे जोडलेला असतो तिथेच. म्हणून तिथे चौकोनी टीप आणि तिच्यात फुली, अशी चारपाच वेळा मशीन मागेपुढे. पाच किलो कांदे-बटाटे घेऊन कडावपर्यंत चालत गेलेल्या माणसाला त्या फुलीची किंमत ठाऊक असायची. जुन्या पिशवीच्या तळाच्या कोपऱ्यांत जिऱ्याचे दोन दाणे, लसणीची सालं, मेथीची वाळलेली पानं, थोडी वाळू असं जमलेलं असे. नवीन खरेदीआधी पिशवी उलटी करून झटकायची. ते झटकणं म्हणजे बाजाराची सुरुवात.

आणि पिशवीत पडायचं तेही आधी गुंडाळलेलं असायचं. वाण्याच्या दुकानात आढ्याला टांगलेल्या रिळाचा दोरा खाली लोंबायचा. वाणी रद्दीच्या कागदाचा चौकोन घेऊन त्यात साखर ओतायचा, कडा दुमडून, बोटाने दाबून, दोऱ्याचे दोन आडवे-उभे वेढे देऊन झटक्यात दोरा तोडायचा. मागे एक ग्रॅम साखर सांडायची नाही. जंगलातून येणाऱ्या मालाला कागदही लागत नव्हता. ठाकर आणि कातकरी बायका करवंदं पळसाच्या पानाच्या द्रोणात विकत. कंटोळी वाट्याने मोजली जात. भारंगी, टाकळा, कुर्डू यांच्या जुड्या वेलीच्या तंतूने नाहीतर केळीच्या सोपाने बांधलेल्या. शेवळाची जुडी आजही तशीच येते. एखाद्या पाटीवर सागाचं मोठं पान मालावर झाकलेलं दिसतं आणि पावसाचं पाणी त्याच्यावरून ओघळून जातं.

तर मग एवढं सगळं असताना ती पातळ पिशवी आलीच कशी, आणि घरात का घेतली गेली? तिला नुसत्या शिव्या देऊन हे समजत नाही. कापडाच्या पिशवीला जे जमत नव्हतं ते तिने केलं. बाजाराला रिकाम्या हाताने जायची मोकळीक दिली. वाटेत भाजी ताजी दिसली, घ्या. पाहुणे अचानक येणार आहेत असा फोन आला, घ्या. ठरवून निघण्याची गरजच तिने काढून टाकली. जी बाई घर, नोकरी आणि गाडी यांच्या वेळापत्रकात बारीक चिरली जात होती तिच्या डोक्यावरचं एक ओझं कमी झालं. हे उपकार छोटे नव्हते.

स्वीडनमधल्या स्टेन गुस्टाफ थुलिन या अभियंत्याने ही बनियनच्या आकाराची, एका तुकड्यात जोडलेली पिशवी तयार केली. सेलोप्लास्ट या कंपनीच्या नावे अमेरिकेत तिचं पेटंट 1965 साली झालं. कागदी पिशव्यांसाठी झाडं तुटतात, त्यापेक्षा हलकी, मजबूत, पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी वस्तू असावी, असा त्याचा विचार होता, असं त्याच्या मुलाने पुढे सांगितलं आहे. थुलिन स्वतः तीच पिशवी घडी करून खिशात ठेवायचा. एकदा वापरून फेकून द्यायची ही कल्पना त्याला विचित्र वाटली असती. म्हणजे ज्याने ही पिशवी जगाला दिली त्याच्याही खिशात खुंटी होती. पिशवी जगभर गेली, खिसा मागे राहिला.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत फेकलेल्या पिशवीला दोन वाटा आहेत. कर्जतची पिशवी उल्हास नदीत पडते. नेरळ, बदलापूर, कल्याण करत ती वसईच्या खाडीला लागते, जवळजवळ लोकलच्या मार्गाने, फक्त तिकिटाविना. खोपोलीची पिशवी पाताळगंगेत पडते आणि रसायनीवरून धरमतरच्या खाडीकडे जाते. कोकणातल्या बऱ्याच नद्या उन्हाळ्यात आटतात, त्यांच्या कोरड्या पात्रात पिशव्या निदान अडकून पडतात. या दोन नद्यांचं तसं नाही. घाटावरच्या धरणांचं पाणी टाटांच्या वीजघरांत उतरतं, खोपोलीला 1915 पासून आणि भिवपुरीला 1922 पासून, आणि वीज करून झाल्यावर ते याच नद्यांत सोडलं जातं. त्यामुळे मे महिन्यातही पात्र वाहतं राहतं. या वाहत्या पाण्यावर काठच्या किती गावांच्या पाणीयोजना आणि किती वांग्या-भेंडीचे मळे उभे आहेत. पिशवीही त्याच पाण्यावर प्रवास करते.

पूर ओसरल्यावर काठावर उभं राहिलं की करंजाच्या आणि उंबराच्या फांद्यांवर पिशव्या अडकलेल्या दिसतात, पांढऱ्या, काळ्या, चिखलाने जड झालेल्या. सगळ्या साधारण एका उंचीवर. पाणी कुठपर्यंत चढलं होतं हे सांगायला दुसरी मोजपट्टी लागत नाही. 2019 च्या जुलैत याच उल्हासच्या पुराने बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडवून ठेवली होती. त्याआधी 26 जुलै 2005. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली आणि तुंबलेल्या गटारांमध्ये पिशव्यांचे बोळे सापडले. त्यानंतर महाराष्ट्राने 2006 मध्ये नियम केले: 50 मायक्रॉनपेक्षा पातळ आणि 8 बाय 12 इंचांपेक्षा लहान पिशवी चालणार नाही. बांगलादेशाने हाच धडा आधी घेतला होता. तिथे 1988 आणि 1998 च्या महापुरांत पिशव्यांनी नाले गच्च झाले आणि 2002 साली पातळ पिशवीवर सबंध देशात बंदी घालणारा तो जगातला पहिला देश ठरला.

महाराष्ट्राची मोठी बंदी 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेची. तीन महिन्यांची मुदत देऊन 23 जूनपासून तिची अंमलबजावणी झाली. पहिल्यांदा सापडलं तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांची कैद. तो जून अनेकांना आठवत असेल. दुकानादुकानांवर पाट्या लागल्या, “कृपया कापडी पिशवी सोबत आणावी”. काही दिवस माणसं खरंच हातात पिशव्या घेऊन दिसू लागली. वर्तमानपत्राच्या पुड्या परत आल्या. दंडाची भीती ही सुद्धा एक खूणगाठच होती, पण बांधणारा हात दुसऱ्याचा होता आणि तो ढिला पडला तशी गाठ सुटली. पिशव्या पुन्हा आल्या, आधी गल्ल्याखालून, मग उघड. 1 जुलै 2022 ला केंद्राने एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तू बंद केल्या, आणि त्या वर्षाअखेरपासून पिशवीची जाडी किमान 120 मायक्रॉन हवी असा नियम आला. पाटीवालीच्या मांडीखालच्या पिशवीला तो माहीत नाही. पाटीवालीलाही तो कळावा कसा? गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येतं. पिशवी नाही म्हटलं तर ते शेजारच्या पाटीवर जातं, आणि दिवसभरात विकलेल्या भाजीतून तिला घरी न्यायला उरतात ते शेदोनशे रुपये. कायद्याचा सगळ्यांत मोठा भार सगळ्यांत लहान माणसाच्या पाटीत टाकणं अन्यायाचं आहे. तो भार उचलायचा आहे तो घेणाऱ्याने, आणि तो फार तर पन्नास-साठ ग्रॅमचा आहे.

गंमत अशी की कापडी पिशव्यांची टंचाई कुणाच्याच घरात नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवात गेली काही वर्षं वाण म्हणून पिशवीच जास्त दिसते. लग्नात नवरा-नवरीची नावं छापलेली पिशवी, बारशात पिशवी, पतपेढीच्या सभेत पिशवी, साडीच्या दुकानातून पिशवी. ओट्याखालचा कप्पा उघडला की वीस-पंचवीस पिशव्या एकीत एक कोंबलेल्या बाहेर पडतात. तमिळनाडूत लग्नात वाटायच्या पिवळ्या पिशव्यांना, मंजप्पैला, मधल्या काळात गावंढळ म्हणून हसलं जायचं. 2021 च्या डिसेंबरात तिथल्या सरकारने ‘मींडुम मंजप्पै’, म्हणजे पुन्हा पिवळी पिशवी, नावाची मोहीमच काढली. आपल्याकडे पिशवीला कुणी हसत नाही. आपण तिला कप्प्यात जपून ठेवतो, आणि कप्पा बंद असतो.

त्यातल्या कित्येक पिशव्या कापडी नसतातही. हाताला कापडासारख्या लागतात, विणलेल्या दिसतात, पण जवळ नेऊन पाहिलं तर धागा सापडत नाही, नुसते दाबून उठवलेले बारीक ठिपके. कडेचा एक कपटा काडेपेटीच्या काडीला लावून पाहावा. सुती असेल तर जळून राख होते आणि जळलेल्या कागदासारखा वास येतो. ती ठिपक्यांची पिशवी वितळते, आकसते, टोकाला टणक मणी धरते. ते पॉलिप्रॉपिलीन असतं. खऱ्या सुती पिशवीचाही हिशेब सोपा नाही. कापसाला पाणी लागतं, खत लागतं. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्ये सगळ्या बाजूंनी ताळा करून मांडलं की साधी सुती पिशवी सुमारे 7,100 वेळा वापरावी तेव्हा ती प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते, आणि नुसतं हवामानाचं पाहिलं तर 52 वेळा. पहिला आकडा ऐकून काहीजण कापडी पिशवीच सोडून देतात. पण या आकड्यातून दुसरंच काही ऐकू येतं. वाणात मिळालेली पंचविसावी पिशवी कप्प्यात पडून राहणं हे नुकसान आहे. आणि विरलेल्या चादरीच्या त्या निळ्या चौकड्यांच्या पिशवीसाठी नवीन कापूस पिकलाच नव्हता, ती पहिल्या फेरीपासूनच फायद्यात आहे. फक्त ती बाहेर पडली पाहिजे.

पावसाळ्यात तीही हात टेकते, हे खरं. या पट्ट्यातला पाऊस जूनमध्ये सुरू झाला की कपडे वाळत नाहीत, गाद्या दमट होतात. कापडी पिशवी एकदा भिजली की तीन दिवस ओली, मग तिला कुबट वास, मग कडेला काळे ठिपके. त्यावरचा उपाय जुन्या माणसांनी केव्हाच काढला होता: वायरची पिशवी. लाल-पांढऱ्या, हिरव्या-पिवळ्या वायरचे पट्टे विणून केलेली, तळाला चौकोनी, उभी राहणारी. पाणी पडलं तर खालून गळून जातं, आल्यावर नळाखाली धरायची आणि टांगायची. प्लास्टिकचीच ती, पण पंधरा-वीस वर्षं टिकायची. अगोटीच्या खरेदीला, म्हणजे पाऊस लागण्याआधी चार महिन्यांची बेगमी करताना, सुकट, बोंबील, जवळा, कांदे, मीठ, काडेपेट्या असं सगळं याच वायरच्या पिशव्यांतून आणि बारदानातून घरी यायचं. ताज्या मासळीचा प्रश्न तेवढा आजही अडतो. ओली कोळंबी कापडात कशी आणायची? पूर्वी माणसं झाकणाचा डबा नेत. आता डबा नेणारा माणूस बाजारात भेटला की मासेवाली त्याच्याकडे कौतुकाने बघते आणि तिच्या वाट्यात एक बोंबील जास्त पडतो.

कर्जत तालुक्यातच एक गाव असं आहे जिथे पिशवीचा विचार दोनदा करावा लागतो. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या वर खाजगी गाडी जात नाही. तिथे वर जाणारी प्रत्येक गोणी कुणाच्या तरी डोक्यावरून, घोड्यावरून, हातगाडीवरून किंवा नेरळहून निघणाऱ्या छोट्या गाडीतून गेलेली असते. ती गाडी 1907 पासून डोंगर चढते आहे. वर गेलेलं बटाट्याचं पोतं संपतं, पण त्याचं वेष्टण वरच राहतं आणि कुणीतरी पुन्हा खांद्यावर घेऊन खाली आणल्याशिवाय उतरत नाही. लाल मातीच्या रस्त्यावर पावलागणिक हे ध्यानात येतं. तिथल्या माकडांनाही पिशवी ओळखता येते. हातात पातळ, आतलं दिसणारी, सळसळ वाजणारी पिशवी असली की माकड झाडावरून सरळ उतरतं. कापडाच्या बंद पिशवीकडे ते तितकं वळत नाही. माथेरानचे राहणारे पाहुण्यांना हे पहिल्याच दिवशी सांगतात: “पिशवी आत घाला.”

नव्या कर्जतमध्ये, नव्या नेरळमध्ये आता इमारतींच्या रांगा आहेत. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इथवर आलेली माणसं, निवृत्त होऊन मोकळ्या हवेला आलेली माणसं, शनिवार-रविवारपुरती येणारी माणसं. घरं स्वच्छ, उजेडाची. भिंती गुळगुळीत, रंग नवा. दारामागे खुंटी नाही. खिळा ठोकायचा तर विटेला तडा जाईल, रंग उडेल, भाड्याचं घर असेल तर मालक बोलेल. पिशव्या म्हणून ओट्याखाली गेल्या, आणि ओटा दारापासून लांब आहे. घर बांधणाऱ्याने आराखड्यात बुटांचं कपाट दिलं, पण ज्या हातभर जागेत घरातून बाहेर जाणारी आठवण टांगली जायची ती जागा कुणी मागितली नाही आणि कुणी दिली नाही.

माणसं तरी वाटा काढतात. कुणी पिशवी दाराच्या कडीलाच अडकवतं, म्हणजे ती काढल्याशिवाय दार लागत नाही. कुणी स्कूटरच्या डिकीत दोन टाकून ठेवतं, आणि मग मंडईत पोचल्यावर डिकी विसरतं, काखेत कळसा तसा. खोपोलीच्या बाजारात एखादे आजोबा शर्टाच्या खिशातून रुमालाएवढी घडी काढतात, ती उलगडत उलगडत गुडघ्यापर्यंत येते. लोकलच्या बायकांच्या डब्यात तर पिशवीचं आणखी एक आयुष्य दिसतं. दादरला घेतलेले मटार बदलापूर येईपर्यंत सोलून होतात, शेंगांची सालं एका पिशवीत, दाणे दुसरीत. जिची पिशवी आज राहिली तिला शेजारची आपली देते. “उद्या दे गं.” उद्या ती परत येते, धुऊन, आणि रीत अशी की भांडं रिकामं परत करू नये, म्हणून तिच्यात चार लिंबं किंवा अंगणातला गवती चहा. अशा फिरणाऱ्या पिशव्यांची मालकी कुणाची हे काही महिन्यांनी सांगता येत नाही.

दहिवलीची ती ताई अजून पाटीपुढे उभी आहे. पाटीवालीने पातळ पिशवी बोटाने उघडून धरली आहे. ताई क्षणभर थांबते, मग छत्रीचं कव्हर काढते. लांबट, काळं, दोरीने तोंड आवळायचं. शेवळाच्या दोन्ही जुड्या त्यात उभ्या बसतात, देठ वर राहतात. काकडं ती डब्यात टाकते आणि झाकण लावते. पाटीवाली हसते, बोटावरची पिशवी परत गठ्ठ्यात सरकवते.

पाऊस भुरभुरतो आहे. ताई उल्हासवरचा पूल ओलांडायला निघते, एका हातात उघडी छत्री, दुसऱ्यात कव्हरमधून डोकावणारी शेवळं. मागे पाटीवालीचाही माल संपत आला आहे. कशेळ्याकडची शेवटची रिक्षा गाठायची तर तिला आता उठायला हवं. उरलेल्या दोन जुड्या ती शेजारणीला देते. पाटी उलटी करून झटकते, पानांचा चुरा आणि माती रस्त्यावर पडते. मग वाण्याकडून घेतलेलं पावशेर तेल, चहापत्ती, मीठ आणि सुकटीची पुडी त्याच पाटीत मांडून वर सागाचं मोठं पान झाकते. सकाळी पाटी भरून आली होती, आता भरूनच चालली आहे. चुंबळ डोक्यावर नीट बसवून ती पाटी उचलते, आणि दोन्ही हात मोकळे सोडून रिक्षाकडे चालू लागते.